कुंडीतल्या मिरचीचा बोकड्या दरवेळी परत का येतो?

शेंड्याकडची पानं आकसलेली, कळ्या गळून पडतात, झाड जागच्या जागी थांबलेलं. नीम तेल मारलं की आठ-दहा दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. गॅलरीत मिरची लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते आणि तिच्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात: आंबट ताक मारा, राख भुरभुरा, एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट) द्या, हिंगाचं पाणी द्या. यातला प्रत्येक उपाय कुणाला तरी कधी तरी लागू पडलेला असतो, म्हणून तर तो टिकलाय. पण त्या माणसाच्या झाडाचं दुखणं आणि तुमच्या झाडाचं दुखणं एकच होतं का, हे कुणी विचारत नाही.

बोकड्या, कोकडा, चुरडा-मुरडा, काहीही म्हणा, त्या एका नावाखाली निदान तीन वेगळी दुखणी येतात: फुलकिडे (थ्रिप्स), कोळी (घरात जाळं विणणारा नव्हे, माइट नावाची सूक्ष्म कीड) आणि पांढऱ्या माशीने आणून सोडलेला विषाणू. पहिल्यावर चालणारं औषध दुसऱ्यावर धड चालत नाही आणि तिसऱ्यावर तर औषधच नाही. त्यामुळे फवारणीची बाटली बाजूला ठेवा आणि आधी पाच मिनिटं पान बघा.

पान कुठल्या बाजूला वळलंय?

शेंड्याकडचं दुसरं-तिसरं पान घ्या. खालची जून पानं काही सांगणार नाहीत.

दोन्ही कडा वर वळून पानाचा द्रोण झाला असेल तर संशय फुलकिड्यांवर. पान उलटून बघा, मधल्या शिरेच्या आजूबाजूला चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसतील. फुलकिडा पानाचा पृष्ठभाग खरवडतो आणि बाहेर येणारा रस पितो, त्याचेच ते ओरखडे. कोवळं पान एका बाजूने असं खरवडलं गेलं की वाढताना वेडंवाकडं होतं.

द्रोण उपडा असेल, म्हणजे कडा खाली वळल्या असतील, तर कोळी. अशा वेळी पान अरुंद आणि हाताला कडक लागतं, देठ नेहमीपेक्षा लांबलेला दिसतो, पानाच्या खालच्या बाजूला तांबूस-तपकिरी चकाकी येते. हा पिवळा कोळी. उन्हाळ्यात गुलाबावर बारीक जाळी करणारा लाल कोळी वेगळा. मिरचीवरचा हा जाळी करत नाही, म्हणून लोक त्याला ओळखतच नाहीत आणि 'किडा तर एकही नाही, काहीतरी कमी पडतंय' असं समजून खताचे डोस वाढवत बसतात.

आता तिसरा प्रकार. पानं लहान आणि सुरकुतलेली, शिरा जाड, शिरांमधला भाग पिवळट, दोन पानांमधलं अंतर कमी झाल्यामुळे शेंड्याचा गुच्छ झालेला, आणि फुलं जवळजवळ नाहीतच. हा विषाणू. झाड हलवल्यावर बारीक पांढऱ्या माश्या भुर्रकन उडत असतील तर शंका आणखी पक्की. पण माशी दिसली नाही म्हणून विषाणू नाही असं समजू नका. ती महिन्याभरापूर्वी येऊन गेलेली असू शकते.

एकाच झाडावर काही पानं वर आणि काही खाली वळलेली दिसली तर गोंधळू नका. फुलकिडे आणि कोळी दोन्ही एकदम असणं अगदी नेहमीचं आहे.

खात्री करायची तर पांढरा कोरा कागद शेंड्याखाली धरा आणि फांदीवर बोटाने टिचक्या मारा. फुलकिडे असतील तर मिलिमीटरभर लांबीच्या फिकट पिवळ्या रेघा कागदावर पळताना दिसतील. फुलातून काळपट किडे पडले तर ती फुलकिड्यांचीच दुसरी जात, 'थ्रिप्स पार्व्हिस्पिनस'. मूळची आग्नेय आशियातली ही कीड भारतात २०१५ मध्ये पपईवर नोंदली गेली आणि २०२१ च्या हंगामात तिने आंध्र-तेलंगणातली मिरची झोपवली. ती मुख्यतः फुलात बसते, त्यामुळे तिची पहिली खूण फुलगळ हीच असते.

कोळ्याला कागद पुरत नाही. तो मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढाही नसतो आणि काचेसारखा पारदर्शक असतो. सोनार वापरतात तसलं दहापट भिंग घ्या, ते स्वस्तात मिळतं. अगदी शेंड्याचं कोवळं पान उलटं करून भिंगाखाली धरा. हलणारे थेंब दिसतील. नर कोळी वयात येऊ घातलेल्या मादीला पाठीवर उचलून नव्या पानावर नेऊन ठेवतो, त्यामुळे शेंडा फुटेल तिथे हे आधी हजर असतात. शिवाय पांढऱ्या माशीच्या पायाला चिकटूनही कोळी एका कुंडीवरून दुसरीवर जातात. म्हणजे एक पाहुणी दोन दुखणी घेऊन येते.

फवारल्यावरही परत येतो तो कुठून?

फुलकिड्याची मादी अंडं पानावर ठेवत नाही, पानाच्या आत खुपसते. तिथे तुमचं नीम तेल पोचत नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं पान खातात. ती आणि पानावरचे पंखवाले किडे, एवढेच काय ते फवारणीच्या तडाख्यात येतात. मग पिल्लं खाली उतरतात आणि कुंडीतल्या मातीत, पाचोळ्यात कोषावस्थेत जातात. तिथेही फवारा पोचत नाही. उबदार हवेत अंड्यापासून पंखवाल्या किड्यापर्यंतचा हा सगळा प्रवास साधारण दोन आठवड्यांत उरकतो. तुम्ही आज एकदा फवारलं तर पानावरची पिल्लं मेली. पानातली अंडी आणि मातीतले कोष तसेच राहिले, आठ-दहा दिवसांत पुढची फळी तयार. 'औषध लागू पडलं होतं, मग बंद झालं' असं वाटतं ते यामुळे. औषध ठीक होतं, फवारणी एकच झाली.

दुसरं कारण गॅलरी स्वतः. शेतातल्या मिरचीवर जोराचा पाऊस पडतो आणि फुलकिडे-कोळी अक्षरशः धुतले जातात. वर स्लॅब आणि पुढे ग्रिल असलेल्या सज्जात भर जुलैतही पानावर थेंब पडत नाही. हवा मात्र दमट आणि उबदार, म्हणजे पिवळ्या कोळ्याला हवी तशी. म्हणून मुंबई-ठाण्याच्या बंद गॅलऱ्यांत पावसाळा आणि त्यानंतरची उघडीप कोळ्याची, तर फेब्रुवारी ते मे फुलकिडे आणि पांढऱ्या माशीचे. एसीचं बाहेरचं युनिट शेजारी असेल तर त्याच्या गरम कोरड्या वाऱ्यात फुलकिड्यांचा उन्हाळा बाराही महिने चालू राहतो. तिथून कुंडी हलवा, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

तिसरं कारण शेजारची झाडं. गुलाब. मिरचीवरचा नेहमीचा फुलकिडा गुलाबावरही तितकाच आनंदाने राहतो आणि आपल्याकडे गॅलरीत गुलाब आणि मिरची हमखास एकाच कट्ट्यावर असतात. जास्वंद आणि वांगं पांढरी माशी पोसतात, मोगऱ्यावर पिवळा कोळी राहू शकतो. मिरची स्वच्छ केली आणि गुलाबाकडे बघितलंच नाही, तर पंधरा दिवसांनी पुन्हा पहिले पाढे.

आता उपाय. आणि अपेक्षा काय ठेवायची तेही

एक गोष्ट आधी डोक्यात ठेवा: आकसलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. कीड शंभर टक्के मेली तरी ते पान तसंच राहणार. कोळी गेल्यावरही त्याच्या लाळेचा परिणाम काही दिवस टिकतो आणि एक-दोन नवी पानं वाकडीच निघतात. म्हणून उपायाचा निकाल दोन-तीन आठवड्यांनी फुटलेल्या नव्या पानांवरून लावायचा. चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून औषध बदलणारे लोक स्वतःलाच गोंधळात टाकतात.

फुलकिडे असोत वा कोळी, सुरुवात कात्रीने. सगळ्यात वाकडे झालेले शेंडे कापा, लगेच पिशवीत घालून गाठ मारा आणि कचऱ्यात टाका. कंपोस्टच्या डब्यात नको, कुंडीत तर मुळीच नको. मिरची छाटणी सहज सोसते, खालून नवी फूट येते.

मग पाणी. कुंडीच्या तोंडावर प्लॅस्टिक बांधा म्हणजे माती वाहणार नाही. कुंडी बाथरूममध्ये न्या, आडवी करा आणि हॅंड शॉवरने पानांच्या खालच्या बाजूला जोराचा फवारा मारा. गॅलरीत हे करायला गेलात तर खालच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे भिजतील आणि विषय सोसायटीच्या मीटिंगपर्यंत जाईल. हे एक दिवसाआड आठवडाभर केलं तर निम्मं काम नुसत्या पाण्याने होतं. माझ्या मते घरातल्या दोन-चार कुंड्यांसाठी यापेक्षा भरवशाचं काही नाही. पण फुकट आहे म्हणून कुणी मनावर घेत नाही.

फुलकिडे नक्की असतील तर नीम तेल चालतं, फक्त नीट मिसळलं तर. तेल आणि पाणी एकत्र होत नाहीत हे उघड असताना लोक थेट पाण्यात तेल ओतून बाटली हलवतात. मग पहिले चार फवारे नुसत्या पाण्याचे आणि शेवटचे निखळ तेलाचे, आणि पानं भाजतात. ५ मिली तेलात आधी चमचाभर दाट रिठ्याचं पाणी किंवा १ मिली सौम्य लिक्विड साबण घालून घोटा, पांढरट झालं की थोडं थोडं करत १ लीटर कोमट पाणी घाला. त्याच दिवशी संपवा. संध्याकाळी फवारा, पानांच्या खालून आणि शेंड्यात. दर पाच दिवसांनी, किमान तीन वेळा. वर सांगितलेलं अंडी आणि कोषांचं गणित आठवा, तिसरी फवारणी चुकवली की पहिल्या दोन वाया. कच्च्या तेलाऐवजी १०,००० पीपीएम अझाडिरॅक्टिनचं (नीममधल्या कीडनाशक घटकाचं) तयार औषध घेतलं तर २ ते ३ मिली लीटरला पुरतं आणि मिसळायची कटकट वाचते.

याच काळात मातीकडे बघा. वरचा पाचोळा काढा, वरची दोन बोटं माती खरवडून फेका आणि नवी घाला, किंवा कुंडीचं तोंड जाड कागदाने किंवा प्लॅस्टिकने झाका म्हणजे उतरणाऱ्या पिल्लांना मातीत शिरता येणार नाही. शेंड्याच्या उंचीवर एक निळा चिकट सापळा टांगा. फुलकिडे निळ्याकडे जातात, पांढरी माशी पिवळ्याकडे. सापळ्याने कीड संपत नाही, पण वाढतेय की घटतेय ते रोज डोळ्यांना दिसतं.

एवढं करूनही हटले नाहीत तर घरच्या कुंड्यांसाठी मला पटणारं एकच औषध, स्पिनोसॅड. बाटलीवर ४५ एससी (औषधाची तीव्रता) लिहिलं असेल तर लीटरला ०.३ मिली, म्हणजे इंजेक्शनची सिरिंज लागेल. मधमाश्यांना ते घातक आहे, तेव्हा सूर्य मावळल्यावरच. लेबलवर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस मिरची तोडायची नाही.

कोळी असेल तर नीम तेलावर फार भिस्त ठेवू नका. इथे गंधक. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक २ ते ३ ग्रॅम लीटरला, आठवड्याच्या अंतराने दोनदा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. पारा ३५ च्या आसपास असेल तर मारू नका, पानं करपतात. शेजारी काकडी-दोडक्याचा वेल असेल तर त्यावर उडू देऊ नका, वेलवर्गीय पिकांना गंधक सोसतंच असं नाही. आणि हे ठळक लक्षात ठेवा: नीम तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवडे जाऊ द्या. एकावर एक मारलं तर कीड राहील आणि पानं जातील. फुलकिडे आणि कोळी दोन्ही असतील तर मी आधी गंधक घेईन, तोवर फुलकिड्यांवर पाणी आणि निळा सापळा, आणि दोन आठवड्यांनंतर नीम.

कृषी सेवा केंद्रात 'मिरची आकसली' एवढंच सांगितलंत तर बऱ्याचदा इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बाटली हातात पडते. कोळ्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं तर कोळी खाणारे मित्रकीटक मारून टाकतात आणि कोळी दुप्पट जोमाने वाढतो. शिवाय ज्या गॅलरीत मुलं खेळतात, कबुतरं येतात आणि ज्या झाडाची मिरची उद्याच्या पोह्यांत पडणार, तिथे ही बाटली आणूच नये.

घरगुती उपायांपैकी ताक आणि राख निरुपद्रवी आहेत, केलेत तरी बिघडत नाही. तंबाखूचं पाणी मात्र नको. निकोटिन माणसालाही विषारी असतं, कातडीतून शोषलं जातं. आणि तंबाखूत टोबॅको मोझॅक विषाणू असू शकतो, जो मिरचीला लागतो. म्हणजे बरं करायला गेलात आणि नवं दुखणं दिलंत. तंबाखू मळलेल्या हाताने मिरचीचं रोप हाताळू नये, तेही याचसाठी. हात साबणाने धुवा.

विषाणू असेल तर काय? उपटा. मुळासकट, पिशवीत घालून, आजच. हे सांगितलं की लोक दुखावतात. तीन महिने वाढवलेलं झाड असतं, त्याला एखादी मिरची लागलेलीही असते. पण ते झाड बरं होणार नाही आणि त्याच्यावर बसलेली प्रत्येक पांढरी माशी मरेपर्यंत तो विषाणू वाटत फिरणार. तुमच्या टोमॅटोवर आणि शेजारच्यांच्या मिरचीवरही. उपटण्याआधी त्यावर साबणपाणी मारा, नाहीतर झाड हलवताना माश्या उडून दुसऱ्या कुंडीवर जाऊन बसतात. शंका असेल तर झाड वेगळं ठेवा, फुलकिडे आणि कोळी दोन्हींचा इलाज पूर्ण करा आणि त्यानंतरही नवी पानं पिवळी-सुरकुतलेलीच येत असतील तर मग निर्णय घ्या.

दुपारी दीड वाजता मलूल होऊन संध्याकाळी ताठ होणारी पानं हा बोकड्या नाही, ऊन आहे. पानं चिकट, मुंग्यांची ये-जा आणि शेंड्यावर हिरवे-काळे ठिपके असतील तर मावा, तो पाण्याने आणि साबणाने जातो. बाकी एप्सम सॉल्टचं म्हणाल तर मॅग्नेशियमची कमतरता खालच्या जून पानांवर शिरांमधल्या पिवळेपणाने दिसते, शेंडा आकसत नाही. आणि दर आठवड्याला शेणखताचं पाणी नाहीतर युरिया देऊन झाड लुसलुशीत केलंत तर रसशोषक किडींना पान वाढूनच ठेवलंत म्हणा.

पुढचं रोप लावताना

बोकड्या बऱ्याचदा नर्सरीतूनच घरी येतो. रोप घेताना शेंडा उलटून बघा, भिंग खिशात असेल तर उत्तम. आणल्यावर दोन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब, दुसऱ्या खिडकीत ठेवा.

विषाणूचा सगळ्यात जास्त फटका लहान रोपाला बसतो. मोठं झाड आजारी पडलं तरी आधीच्या काही मिरच्या देऊन गेलेलं असतं, पण सहा पानांच्या रोपाला लागला तर सगळंच गेलं. म्हणून बी पेरल्यापासून पहिले दीड-दोन महिने कापडाखाली. मच्छरदाणीची भोकं पांढऱ्या माशीला मोठी पडतात, ती आरामात आत जाते. पातळ मलमलीची ओढणी किंवा शेडनेटच्या दुकानात मिळणारी ४०-५० मेशची (म्हणजे इंचाला ४०-५० भोकांची) कीटकजाळी घ्या, चार काड्यांवर ताणा आणि खाली रबर लावा. जाळी पानाला टेकू देऊ नका. फुलं यायला लागली की काढून टाका. मिरचीत परागीभवन बरचसं आपलं आपण होतं, तरी वारा लागला की फळधारणा चांगली होते.

वाणाचाही थोडा फरक पडतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुसा सदाबहार या वाणात विषाणूला तोंड देण्याची ताकद बरी आहे आणि मिरच्या गुच्छात, वर तोंड करून येतात, कुंडीत दिसायलाही छान. बाजारातल्या सुक्या मिरचीचं बी टाकून आलेलं रोप कोणत्या वाणाचं आणि काय सोसणारं, ते त्याचं त्यालाच माहीत.

कुंडी निदान १२ इंची आणि दोन कुंड्यांमध्ये हात फिरेल एवढी मोकळी जागा. पानं एकमेकांना टेकली की कोळ्याला पांढऱ्या माशीचीही गरज उरत नाही, तो चालतच पलीकडे जातो.

जुनी माती फेकायची गरज नाही. झाड काढल्यावर मुळं आणि पाचोळा वेचून माती गच्चीत प्लॅस्टिकवर पातळ पसरा आणि एप्रिल-मेच्या उन्हात पंधरा दिवस अधूनमधून खालीवर करा. गच्ची नसेल, सोसायटी देत नसेल, तर कुंडी तीन आठवडे नुसती कोरडी आणि रिकामी ठेवली तरी चालतं. मातीतल्या कोषांतून किडे बाहेर येतात, खायला काही सापडत नाही आणि मरतात. शेजारी गुलाब मात्र नको. तीन आठवड्यांनी त्यात गांडूळखत मिसळा आणि आधी एक हात मेथीचा किंवा मुळ्याचा घ्या. मिरची त्यानंतर, आणि शक्यतो दुसऱ्या कुंडीत.